गणपतीला गावी गेलं की लेकाची छाती वाजते

पडवीतली | ३० जुलै २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे आजवर नुसती वाचत आले, लिहिते आहे पहिल्यांदाच.

आम्ही डोंबिवलीला, सासर गुहागर तालुक्यात. गावचं घर वर्षभर बंद. शिमग्याला दीर जाऊन दिवा लावून येतात, मग एकदम गणपतीला आम्ही सगळे. मुलगा सात वर्षांचा आहे. गेली तीन वर्षं ठरल्यासारखं होतंय. पहिल्या रात्री शिंका, दुसऱ्या रात्री खोकला, तिसऱ्या रात्री छातीतून शिट्टी. मांजर अंगावर झोपून घुरघुरावं तसा आवाज. मागच्या वर्षी गौरी जेवल्या ती रात्र त्यानं माझ्या मांडीवर बसून काढली. पहाटे चिपळूणला पळालो. गाडीत मला म्हणाला, "आई, हवा आत जाते पण बाहेर येतच नाही."

तिथे वाफेचं मशीन लावलं, दीड तासात पोरगा हसायला लागला. डोंबिवलीत परत आलो की काही नाही. आमच्या डॉक्टरांनी पंप लिहून दिलाय, पण त्यावरून घरात रामायण. सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते. नवरा म्हणतो समुद्राची हवा आहे, उलट छाती मोकळी व्हायला पाहिजे.

यंदा २७ ऑगस्टला गणपती. जायचं तर आहेच. नेमकं होतंय काय, आणि हातात महिना आहे तर काय करू?

कोकम_सरबत | ३० जुलै, रात्री ११:०५

आडुळशाचा काढा, रात्री छातीला तेल चोळून शेक. पंपाच्या नादी लागू नका, एकदा लागला की सुटत नाही. आमच्या चुलत्यांचा मरेपर्यंत सुटला नाही.

पांढरा कोट | ३१ जुलै, सकाळी ६:२०

"हवा आत जाते पण बाहेर येत नाही." दम्याचं इतकं नेमकं वर्णन मला एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेत जमलं नव्हतं. पोराला शाबासकी द्या.

आधीच सांगतो, धाग्यावर बसून मी कुणाचं निदान करत नाही. तुमच्या डॉक्टरांनी त्याला तपासलंय, मी नाही. पण आत काय चालतं ते सांगतो, म्हणजे सासूबाईंशी बोलायला मुद्दे मिळतील.

नाक म्हणजे आपल्या घरची पडवी. बाहेरची हवा तिथे थांबते, गाळली जाते, ऊबदार आणि ओलसर होते. मग घसा, स्वरयंत्र, आणि त्याखाली मुख्य श्वासनलिका. मोठ्या माणसात ती १० ते १२ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम अंगठ्याएवढी रुंद. तिला पुढून कूर्चेच्या १६ ते २० कड्या असतात, घोड्याच्या नालासारख्या, मागून उघड्या. मागे अन्ननलिका चिकटलेली असते, त्यामुळे घास उतरताना तिला फुगायला जागा मिळते. बांधणाऱ्यानं विचार करून बांधलंय.

पुढे ही नळी दोन भागांत फुटते, त्यांचे पुन्हा दोन, असे साधारण २३ वेळा फाटे. उलटा टांगलेला वड डोळ्यांसमोर आणा. टोकाला काही कोटी वायुकोश, तिथे रक्ताला प्राणवायू मिळतो. मोठ्या फांद्यांना कूर्चेचा आधार असतो, त्या सहसा मिटत नाहीत. बारीक फांद्यांना कूर्चा नाही. त्यांच्याभोवती स्नायूचा वेढा असतो, आणि दम्याची सगळी गडबड तिथेच.

तीन गोष्टी एकदम होतात. स्नायू आवळतो, आतलं अस्तर सुजतं, आणि चिकट कफ साचतो. श्वास घेताना छाती फुगते आणि नळ्याही थोड्या ताणून उघडतात. सोडताना छाती आत येते, आधीच अरुंद झालेल्या नळ्या अजून दबतात. म्हणून हवा आत जाते आणि अडकते. शिट्टी त्याच फटीतून निघते.

नळीची त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, १६ पट होतो. मुलांच्या नळ्या मुळातच बारीक. जी सूज तुम्हाआम्हाला नुसतं खोकायला लावेल ती त्याला रात्रभर बसवून ठेवते.

कोकम_सरबत | ३१ जुलै, सकाळी ८:०२

सगळं बरोबर असेल हो डॉक्टर, पण सवयीचं काय? त्यावर तुम्ही बोलला नाहीत.

माडाखालचा | ३१ जुलै, सकाळी ८:४०

आमच्या आवशीन बावीस वर्सां काजूच्या कारखान्यात काढल्यान. भट्टीर नाय, पण भट्टीच्या बाजूकच बियो फोडूक बसायची. घराक इली की लुगड्याक तोच उग्र वास. खोकलो तिका तेव्हापासून. आमका वाटायचा, काजूच्या धुराचो खोकलो तो, तेका काय करतलो? आता साठीची आसा आणि न्हाणीपर्यंत गेली तरी थांबान श्वास घेता. डाक्टरान एका मशीनीत फुंकूक लावल्यान आणि म्हणालो, ह्यो नळयो आता पुरे उघडूचे नाय. जन्मात एक बिडी ओढूक नाय तिना.

(डोंबिवलीकरांसाठी: आईनं आयुष्यात एक विडी ओढलेली नाही, तरी फुप्फुसांची अशी अवस्था.)

पांढरा कोट | ३१ जुलै, दुपारी २:१५

कोकम_सरबत, सवयीवर येतो. आधी माडाखालचा.

काजूच्या टरफलात जे तेल असतं त्यातलं अॅनाकार्डिक आम्ल अंगावर उडालं तर फोड येतात. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. बिब्बा उतणं काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. तेच घराणं धुराच्या रूपानं वर्षानुवर्षं नळ्यांत गेलं तर काय होईल? बी ड्रममध्ये थेट भाजतात तेव्हा हा धूर जास्त. बॉयलरच्या वाफेवर उकडणाऱ्या कारखान्यात बराच कमी.

शिवाय घरी चूल असेलच. ओली लाकडं, फुकणी, आणि फुंकायला वाकलं की तोंड सरळ धुरात. न ओढणाऱ्या बायकांना विडीवाल्यांचा आजार होतो तो असा. त्याचं नाव सीओपीडी, म्हणजे नळ्यांचं कायमचं आकसणं. पुण्याच्या डॉ. संदीप साळवींनी २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात न ओढणाऱ्यांच्या याच आजारावर लिहिलं होतं. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरोघर पोचले, पण माझ्या दवाखान्यात विचारलं तर उत्तर ठरलेलं: "चहा गॅसवर, आंघोळीचं पाणी चुलीवर."

फुंकायचं मशीन म्हणजे स्पायरोमेट्री. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर फेकता ते मोजतात. मग औषध ओढायला देऊन पुन्हा फुंकायला लावतात. दम्यात आकडा बऱ्यापैकी वर येतो, सीओपीडीत फार हलत नाही. दोन्ही आजारांत माणूस धापाच टाकतो, म्हणून हे फुंकणं महत्त्वाचं. कानाला दोन्हींची शिट्टी सारखीच ऐकू येऊ शकते. (कानावरून आठवलं. १८१६ मध्ये लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरला एका बाईच्या छातीला कान लावायला संकोच वाटला, म्हणून त्यानं कागदाची सुरळी केली. स्टेथोस्कोपचा जन्म तिथला. लाजेनं लागलेले शोध थोडेच असतील.)

आईंचा आकडा फार वर येणार नाही, पण आहे तो टिकवता येतो. चूल आणि धूर बंद, फ्लूची लस, पंप नियमित, आणि रोज झेपेल तेवढं चालणं. "आता काय व्हायचं" म्हणून खाटेवर बसवू नका.

आता सवय. दम्याच्या एका गोळीत नळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल हे औषध ४ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. ती पोटातून रक्तात जाते, हात थरथरतात, छाती धडधडते, आणि त्यातलं थोडंच नळीपर्यंत पोचतं. निळ्या पंपाच्या एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम. दोन दाबले तर २००, म्हणजे गोळीच्या विसाव्या हिश्श्याएवढं, आणि तेही थेट जागेवर. गोळी "सौम्य" आणि पंप "जालीम" हे कुठून आलं मला कळत नाही. काकांचा पंप सुटला नाही कारण त्यांचा आजार सुटला नव्हता. चष्मा लावणाऱ्याला आपण चष्म्याची सवय लागली म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र खरी आहे. *नुसत्या* निळ्या पंपावर जगणं वाईट. तो आवळलेला स्नायू सैल करतो, पण सूज तशीच राहते. सुजेसाठी दुसरा पंप, त्यात अगदी थोडं स्टिरॉइड असतं. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसता निळा पंप देऊ नका असं सांगितलंय.

पडवीतली, सुजेच्या पंपाचा परिणाम जमायला काही आठवडे लागतात. म्हणून तुम्ही महिनाभर आधी विचारलंत ते उत्तम केलंत. तुमच्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा: गावी जाण्याआधी सुरू करायचा का?

पडवीतली | ३१ जुलै, रात्री ९:३०

दोन पंप आहेत हे आत्ता कळलं! पाकिटात एक निळा आणि एक विटकरी आहे. विटकरी आम्ही उघडलाच नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करते.

पण प्रश्न तोच: गावीच का?

उंबरठा | १ ऑगस्ट, सकाळी १०:१०

कारण तुमचं घर पाऊसभर बंद होतं, ताई.

आमचं घर मुक्कामाला येणाऱ्यांसाठी आम्ही दापोलीजवळ चालवतो, त्यामुळे ओल ही आमची सख्खी वैरी. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती जून ते सप्टेंबर पाणी पीत राहतात. बंद घरात वारा नाही, चूल नाही, माणूस नाही. कपाटामागे हात फिरवा, काळा-हिरवा बुरा हाताला लागेल. माळ्यावर वटवाघळं. आणि गाद्या! प्रत्येक गावच्या घरात एक गाद्यांची चळत असते, ती गणपतीत निघते, दहा दिवस पोरं तिच्यावर लोळतात, आणि पुन्हा चादर टाकून बंद. आमच्याकडची सर्वात जुनी गादी माझ्यापेक्षा मोठी होती. जाळली तेव्हा आईनं दोन दिवस अबोला धरला.

पांढरा कोट | १ ऑगस्ट, दुपारी १:५०

उंबरठा यांनी निम्मं काम केलं. गादीत जे राहतं ते दिसत नाही. धुळीतले किडे, एक तृतीयांश मिलिमीटरएवढे, आपल्या अंगावरून गळणारी त्वचा खाऊन जगतात. चावत नाहीत. त्यांची विष्ठा नाकात गेली की ज्याला अॅलर्जी आहे त्याच्या नळ्या भडकतात. त्यांना पाणी प्यावं लागत नाही, हवेतला ओलावा पुरतो. कोरड्या हवेत मरतात, पावसाळ्यातल्या कोकणात त्यांची दिवाळी.

समुद्राची हवा चांगली असं म्हणणारा नवरा अगदीच चुकलेला नाही. किनाऱ्यावर उभं राहून काही बिघडत नाही. ऑस्ट्रेलियात सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसाच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांपैकी जे समुद्रात सर्फिंग करत त्यांची छाती जास्त मोकळी असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यातून तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ द्यायचा उपचार आला, २००६ मध्ये त्याचे अभ्यास छापून आले. पण तो आजार वेगळा, आणि ती पुळणीवरची हवा. तुमचा मुलगा श्वास घेतो ती माजघरातली.

सोलकढी | १ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२२

मधेच विचारते. मला धूळ झटकली की शिंका, आणि कोळंबी खाल्ली की ओठ सुजतात. दोन्हींचा संबंध आहे का? नवरा म्हणतो मनाचे खेळ.

पांढरा कोट | १ ऑगस्ट, रात्री ९:०५

मनाचे नाहीत. ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन कोळंबीत, खेकड्यात, झुरळात आणि त्या गादीतल्या किड्यातही असतं, आणि ते एकमेकांसारखं दिसतं. शरीर एकाला ओळखून दुसऱ्यावर धावून जातं. (ज्यांना फक्त धुळीचा त्रास आहे त्यांनी कोळंबी सोडायची गरज नाही. नाहीतर अख्खी किनारपट्टी वरणभातावर येईल.)

पण तुमचे ओठ सुजतात हे हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या वेळी जीभ आणि घसा सुजला तर अडथळा वरच्या वाटेवर येतो, तिथे निळा पंप पोचत नाही. त्याचा आवाजही वेगळा. बारीक नळ्यांची शिट्टी श्वास सोडताना, घशातली घरघर श्वास *घेताना*. अंगावर पित्ताच्या गांधी, आवाज बसलेला, चक्कर, श्वास घेताना घरघर असं झालं तर उपाय एकच, मांडीत अॅड्रेनलिनचं इंजेक्शन, ताबडतोब. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघायची नाही. १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या रुग्णालयात. कोळंबी बंद, आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांना एकदा दाखवा.

देवगडचा पोर | २ ऑगस्ट, सकाळी ९:४८

आमच्या घरचा किस्सा सांगतो, कारण तोही शिट्टीचाच, पण दमा नव्हता.

भाचा अडीच वर्षांचा. अंगणात पोरं चिंचोक्यांनी खेळत होती. हा एकदम जोरात खोकला, लाल झाला, मग गप्प. आम्ही तोंडात बोट घालून बघितलं, काही नाही, पाणी पाजलं, विषय संपला. दहा दिवसांनी ताप, खोकला. औषध दिलं, उतरला. पुन्हा आला. दोन महिन्यांत तीनदा "न्यूमोनिया", आणि प्रत्येक वेळी उजव्याच बाजूला. एका डॉक्टरनं दम्याचा पंपही दिला. शेवटी एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी उजव्या छातीला नळी लावली, डावीला लावली, आणि आईला एवढंच विचारलं, "हा कधी खेळता खेळता अचानक ठसकला होता का?" ताईला एकदम रडूच फुटलं. कोल्हापूरला नेऊन दुर्बीण घालून काढला. चिंचोका फुगून दुप्पट झाला होता.

पांढरा कोट | २ ऑगस्ट, दुपारी ३:३०

तो प्रश्न विचारायला पाठ्यपुस्तक पुरत नाही, त्या बाईंना नमस्कार सांगा.

उजवीकडेच का? मुख्य नळी फुटते तिथे उजवी फांदी जास्त रुंद आणि जास्त सरळ खाली जाते. डावी बाजूला वळते, कारण हृदयाला जागा द्यायची असते. गेलेली वस्तू सरळ रस्ता धरते. १८९७ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या डॉ. गुस्टाफ किलियाननं एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून डुकराचं हाड दुर्बिणीनं काढलं, तेही उजव्या बाजूनं. चिंचोका, शेंगदाणा, हरभरा क्ष-किरणात दिसत नाहीत, त्यामुळे "एक्स-रे साफ आहे" यावर समाधान मानू नका.

गणपती येतायत, प्रसादात शेंगदाणे-खोबरं असणारच. चार-पाच वर्षांखालच्या पोरांना अख्खे दाणे देऊ नका, कूट करून द्या. आणि खरोखर अडकलं, पोर खोकूही शकत नाही, आवाजच नाही, असं झालं तर तोंडात बोट फिरवू नका, वस्तू अजून आत जाते. पुढे वाकवून खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहातानं पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी घालून बेंबीच्या थोडं वर मुठीनं आत-वर पाच झटके. पुन्हा थापा, पुन्हा झटके, निघेपर्यंत. बेशुद्ध झालं तर जमिनीवर झोपवून छाती दाबायला लागा आणि कुणीतरी १०८ लावा. वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत. हातावर पालथं, डोकं खाली, पाच थापा, मग उलटं करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबायचं. पण पोर जोरात खोकत असेल तर काहीच करू नका, खोकू द्या. खोकल्याएवढी ताकद तुमच्या थापेत नाही.

जुना जाणता | ३ ऑगस्ट, सकाळी ७:००

निवृत्त शिक्षक, वय ७१. दोन वर्षं मला कोरडा खोकला होता. घशात कुणी पिसानं गुदगुल्या करतंय असं वाटायचं, रात्री जास्त. काढे झाले, सिरपच्या बाटल्या रांगेनं उभ्या राहिल्या, क्षयाची तपासणी झाली (ती करावीच, दोन आठवड्यांवर खोकला गेला की सरकारी दवाखान्यात फुकट होते). सगळं स्वच्छ. शेवटी नव्या डॉक्टरनं माझं गोळ्यांचं पाकीट बघितलं आणि रक्तदाबाची गोळी बदलली. रामिप्रिल होती. तीन आठवड्यांत खोकला गेला. दोन वर्षं शेजारी माझ्या खोकल्यावर घड्याळ लावत होते.

पांढरा कोट | ३ ऑगस्ट, सकाळी ८:१५

रामिप्रिल, एनालाप्रिल या घराण्यातल्या गोळ्यांनी काही जणांना असा खोकला होतो. गोळी चांगली आहे, मनानं बंद करू नका, डॉक्टर दुसरी देतात. आणि उलट बाजूनं: दमा असलेल्यानं प्रोप्रॅनोलॉल घेताना डॉक्टरला दम्याचं सांगायचंच, ती नळ्या आवळू शकते.

पडवीतली | ३ ऑगस्ट, सकाळी ११:४०

थांबा थांबा. सासूबाईंना वर्षभर तसाच कोरडा खोकला आहे, आणि त्यांची बीपीची गोळी चालू आहे. आता पाकीट शोधते.

कोकम_सरबत | ३ ऑगस्ट, दुपारी १२:३०

बरं, पंपाबद्दल मी मागे घेतो. पण आडुळसा सोडणार नाही.

पांढरा कोट | ३ ऑगस्ट, रात्री १०:२०

सोडू नका. आडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन तयार झालं, ते आज खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये असतं. कफ पातळ करतं. पण आवळलेला स्नायू काढ्यानं वेळेत सुटत नाही, आणि धाप लागलेल्या पोराला काढा पाजत बसण्यात जी अर्धी रात्र जाते तिची मला भीती आहे. आणि उकळत्या पातेल्यावर मुलांना वाफ देऊ नका. पातेलं उलटून भाजलेली पोरं मी दर पावसाळ्यात बघतो.

उंबरठा | ४ ऑगस्ट, सकाळी ९:१५

साफसफाईचं लिहिते, कारण ताईंचा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला.

मुलगा पोचायच्या आठवडाभर आधी कुणीतरी जाऊन घर उघडा. कौलाची फुटकी नळी आधी बदला, नाहीतर बाकी सगळं पाण्यात. बुरा कोरड्या केरसुणीनं झटकायचा नाही, सगळा हवेत उडतो. ओल्या फडक्यानं साबणाच्या पाण्यानं पुसा, नाकाला एन-९५ मास्क. आणि एक हात जोडून विनंती: विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आणि संडासाचं अॅसिड एका बादलीत घालू नका. माझ्या नणदेनं घातलं होतं. क्लोरीन वायू होतो, ती दोन दिवस ऑक्सिजनवर होती.

अंथरूण-पांघरूण मुलापुरतं तरी मुंबईहून न्या. जुन्या गाद्या त्याच्या खोलीतून बाहेर. गोधड्या वाळवायचा खरा महिना मे. कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या की पावसात ओल लागत नाही. यंदा ते हुकलं, पुढच्या वर्षी बघा.

खाडीकाठ | ४ ऑगस्ट, सकाळी १०:०२

आणि डासांची कॉइल? बंद खोलीत रात्रभर? २००३ मध्ये एक अभ्यास आला होता, एका कॉइलच्या धुरात जेवढे सूक्ष्म कण असतात तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींत. मी होडीवर विडी ओढणारा माणूस, पण ते वाचल्यापासून घरात मच्छरदाणी लावतो. विडीचं नंतर बघू.

सोलकढी | ४ ऑगस्ट, सकाळी १०:४०

मग धूप आणि कापूरही बंद करायचा का? गणपतीत?

खाडीकाठ | ४ ऑगस्ट, सकाळी १०:५५

आरती करा, पण पोराला ओटीवर उभं करा. देवाला चालतं.

पांढरा कोट | ४ ऑगस्ट, दुपारी १:००

देवाचं मला माहीत नाही, नळ्यांना चालतं. शेवटचं लिहितो, मग ओपीडी आहे.

पंप थेट तोंडात मारू नका, बहुतेक औषध घशाला चिकटतं. स्पेसर लावा, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधे धरायची पोकळ नळी. तो नसेल आणि दुकान लांब असेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून बसवता येतो. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मुलांवर हे तपासलं होतं, बाटली दुकानातल्या स्पेसरच्या तोडीस तोड निघाली. विटकरी पंप घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो.

रात्री वाढलं तर निळा पंप स्पेसरमधून, एकेक दाब, मधे पाच-सहा श्वास, असे चार. वीस मिनिटांत फरक नाही तर पुन्हा चार, *आणि गाडी काढा*. एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळे, किंवा दमून झोपाळल्यासारखा होतो, असं काही दिसलं तर वीस मिनिटंही थांबायचं नाही. आणि आधी वाजणारी छाती अचानक गप्प झाली पण पोर अजून धापतंय, तर तो सुधारणेचा आवाज नाही. हवाच जात नाहीये. डोंबिवलीच्या डॉक्टरांकडून हे सगळं कागदावर लिहून घ्या आणि गावी फ्रिजवर चिकटवा. त्यांचे आकडे माझ्याहून वेगळे असले तर त्यांचे खरे.

पडवीतली | ४ सप्टेंबर, रात्री ९:१०

काल परत आलो. यंदा काय झालं ते लिहिते.

दीर १५ ऑगस्टच्या सुट्टीत जाऊन दोन दिवस घर पुसून आले, सोबत जाऊबाई. तीन गाद्या बाहेर काढल्या, त्यातली एक सासूबाईंच्या लग्नातली. ती जाळू दिली नाही, गोठ्याच्या माळ्यावर ठेवली. तडजोड. विटकरी पंप ३ ऑगस्टपासून रोज दोन वेळा.

पहिले तीन दिवस शिंकाही नाहीत. चौथ्या दिवशी शेजारी काजूच्या बिया भाजल्या, धूर सरळ आमच्या अंगणात. संध्याकाळी खोकला, रात्री बारीकशी शिट्टी. स्पेसरमधून चार दिले, अर्ध्या तासात झोपला. चिपळूणला जावं लागलं नाही. नवरा रात्रभर त्याच्या छातीला कान लावून बसला होता. स्टेथोस्कोपची गोष्ट त्यालाही सांगितली.

सासूबाईंच्या पाकिटावर रामिप्रिलच निघालं. शनिवारी डॉक्टरांकडे नेतेय. पंपाबद्दल त्या आता काही बोलत नाहीत, पण आडुळशाची दोन रोपं कुंडीत घालून डोंबिवलीला आणलीयत.

माडाखालचा | ५ सप्टेंबर, सकाळी ६:५०

बरा झाला गे. आमच्या आवशीक मी स्पेसर हाडलय. पयल्यांदा बघल्यान तेव्हा म्हणाली, "ह्या काय, बाटयेतसून वारो पिवचो?" आता सकाळी आपणच मागता. चूल मात्र सोडूक तयार नाय. कोणाक युक्ती म्हायत असली तर सांगा.